आपबीती : एकाची कहाणी, अनेकांचा आधार

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात देवळाली कॅम्प येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात चार शब्द बोलण्यासाठी आपण मला आपुलकीने बोलावलेत, त्याबद्दल मी विश्वस्तांचे मनःपूर्वक आभार मानते. मघाशी वर्षभराच्या कार्याचा अहवाल आपण ऐकलात. बाह्यरुग्ण किती आले, शस्त्रक्रिया किती झाल्या, किती जणांना बिलात सवलत मिळाली, हे सारे आकडे आपल्यासमोर आले. धर्मादाय संस्थेने पै-पैचा हिशेब द्यावा, हे तिचे कर्तव्यच आहे. परंतु त्या प्रत्येक आकड्यामागे एक माणूस उभा आहे, आणि अहवालाच्या कोणत्याही रकान्यात न मावणारी एक कहाणी त्याच्याजवळ आहे. माणसाने स्वतःवर गुदरलेला प्रसंग चार माणसांत बसून सांगितला तर काय घडते, आणि ते घडावे म्हणून रुग्णालयाने काय करावे, हा माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. या कॅम्पपासून काही मैलांवर नाशिकरोडचा मध्यवर्ती तुरुंग आहे. १९३३ सालच्या फेब्रुवारीत त्या तुरुंगात पांडुरंग सदाशिव साने नावाचे एक राजबंदी होते. दिवसभराचे काम संपल्यावर मिळेल तेवढ्या वेळात, ९ ते १३ फेब्रुवारी या अवघ्या पाच दिवसांत त्यांनी आपल्या आईच्या आठवणींचा मोठा भाग लिहून काढला. तेच ‘श्यामची आई’. महाराष्ट्रात हे पुस्तक ठाऊक नाही असे घर विरळा. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी त्यावर चित्रपट काढला, आणि भारत सरकारने राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू केले तेव्हा पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक त्यालाच मिळाले.

हे पुस्तक आपण आईच्या प्रेमाची कथा म्हणून वाचतो आणि डोळे पुसतो. मला आज आपले लक्ष त्याच्या मांडणीकडे वेधावयाचे आहे. त्यात प्रकरणे नाहीत, ‘रात्री’ आहेत. दिवसभराची कामे आटोपल्यावर आश्रमातील मंडळी प्रार्थनेला जमतात आणि श्याम आपली एक आठवण सांगतो. दुसऱ्या दिवशी पुढची. हळूहळू ऐकणाऱ्यांत गावची माणसेही मिसळतात. श्याम जे सांगतो त्यात मोठेपणाचे काही नाही. कर्जापायी झालेली अप्रतिष्ठा, घरातील दारिद्र्य, स्वतःचे हट्ट, आईचे आजारपण आणि अखेरचा काळ, असे जे चारचौघांत झाकून ठेवण्याची आपली रीत आहे, तेच तो उघड करतो. ज्याच्या घरी सावकार येऊन बसला आहे, त्याला ते ऐकताना कळते की हे आपल्याच घरी घडलेले नाही. मनावरचे ओझे तेवढ्याने नाहीसे होत नाही, पण ते एकट्याचे राहत नाही.

याच पुस्तकात अस्पृश्य मानल्या गेलेल्या एका म्हाताऱ्या बाईच्या डोक्यावर मोळी चढवून देण्यासाठी आई श्यामला पाठवते, असा प्रसंग आहे. पुढे १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केले आणि दहाव्या दिवशी ते यशस्वी झाले. त्या उपोषणामागे अनेकांचे श्रम होते, महाराष्ट्रभर झालेली जागृती होती. तरीही लहानपणीची घरातली एक आठवण जो माणूस इतक्या प्रामाणिकपणे सांगू शकला, तोच पुढे सबंध समाजाला जाब विचारू शकला, हा केवळ योगायोग आहे असे मला वाटत नाही.

आता दुसरी बाजू. कहाणी सांगितली गेली नाही, ऐकून घेणारे कोणी भेटले नाही, तर काय होते? त्याचेही उदाहरण आपल्या गावाच्या नावातच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश सैन्याची मोठी छावणी येथे वसली. हिंदुस्थानातील मुदत संपलेल्या गोऱ्या शिपायांना मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत येथे थांबावे लागे. जहाजे ठराविक हंगामातच सुटत. त्यामुळे कित्येकांचे महिनेच्या महिने रिकामे जात. उन्हाळा, हिवताप, दारू आणि घरची ओढ यांनी काहींची मने ढासळली. त्यांचे काय झाले, हे त्यांना कोणी विचारले नाही. उरला तो एक थट्टेचा शब्द. देवळालीचा अपभ्रंश ‘डूलॅली’ आणि त्याला जोडलेला आपला ‘ताप’ हा शब्द इंग्रजी बोलीत ‘वेड लागलेला’ या अर्थाने रूढ झाला, आणि त्यातला ‘डूलॅली’ आजही तेथील शब्दकोशांत सापडतो. ज्या दुःखाला श्रोता मिळत नाही, त्याची अखेर अशी चेष्टा होते.

मात्र याच देवळालीला दुसरेही नाव मिळाले, ते येथील हवेमुळे. पारशी आणि गुजराती समाजांतील दानशूरांनी येथे आरोग्यभवने उभारली. मुंबईच्या कोंदट चाळींतून माणसे हवापालटासाठी येथे येऊ लागली. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली जगापुढे मांडला होता. पण त्यावरचे पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४३ साल उजाडावे लागले. मधल्या साठ वर्षांत स्वच्छ हवा, विश्रांती आणि सकस आहार हाच मुख्य इलाज होता. येथील उदार माणसांनी तो अनेकांना उपलब्ध करून दिला, याबद्दल कृतज्ञताच वाटली पाहिजे.

माझी एक आत्याही साठच्या दशकात अशीच हवापालटासाठी येथे आली होती. घरात ‘हवापालट’ हाच शब्द होता. ‘क्षय’ हा शब्द आम्हा मुलांच्या कानांवर कधीही पडला नाही. आत्या गोळ्या आणि इंजेक्शने घेऊन खडखडीत बरी झाली, परंतु स्वयंपाकघरात तिचा कप मात्र पुढे कित्येक वर्षे वेगळ्या खिळ्याला टांगलेला असे. कोणी काही बोलत नसे, तीही बोलत नसे. पुढे शेजारच्या घरातली नवी सून खोकू लागली. ती दवाखान्यात जायला तयार होईना. माहेरी परत पाठवतील, ही धास्ती. एके दिवशी दुपारी आत्या त्या घरी गेली आणि त्या मुलीच्या सासूसमोरच म्हणाली, “मलाही तो झाला होता. मी तुमच्या घरी वीस वर्षे हळदीकुंकवाला येते आहे.” त्या दोन वाक्यांनी जे केले ते कोणत्याही भिंतीवरच्या फलकाने केले नसते. मुलगी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेली. आमच्या घरातला वेगळा खिळाही त्यानंतर निघाला. कोणी काढला ते मला आजतागायत ठाऊक नाही.

या प्रसंगाला वैद्यकशास्त्राचीही जोड आहे. १९५६ साली मद्रास येथे एका महत्त्वाच्या अभ्यासाला सुरुवात झाली. क्षयाच्या काही रुग्णांना आरोग्यभवनात ठेवून, तर काहींना त्यांच्या स्वतःच्या, गरिबीच्या, दाटीवाटीच्या घरी ठेवून तीच औषधे देण्यात आली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषधे नियमित घेतली गेली, तर घरी राहणारे रुग्णही जवळपास तितक्याच प्रमाणात बरे होत होते, आणि त्यांच्या घरच्या माणसांना त्यामुळे जादा धोका पोहोचल्याचे आढळले नाही. या अभ्यासाने जगभरातील क्षयोपचाराची दिशा बदलली. आरोग्यभवनांचे युग ओसरले आणि उपचार घरी आला.

उपचार घरी आला खरा, पण घरात त्या आजाराचे नाव उच्चारण्याची सोय नव्हती. साध्या क्षयाचा उपचारही किमान सहा महिने चालतो. सहा महिने रोज गोळ्या घ्यायच्या आणि त्या कशाच्या हे घरात कळू द्यायचे नाही, हे कसे जमावे? मग डबा लपवला जातो, एखादा दिवस चुकतो, थोडे बरे वाटताच औषध सुटते, आणि आजार औषधांना न जुमानणारे रूप घेऊन परत येतो. सरकारी केंद्रांत औषध विनामूल्य आहे. पोषणासाठी एप्रिल २०१८ पासून रुग्णाच्या खात्यात दरमहा ५०० रुपये जमा होऊ लागले, आणि नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १००० रुपये झाली. परंतु या सर्वांसाठी आधी नाव नोंदवावे लागते. ज्याला आजाराचे नाव घेण्याचीच चोरी, तो नोंद कशी करणार? क्षय भांड्यांतून पसरत नाही, तो हवेतून पसरतो. म्हणजे वेगळा कप कोणाचेही रक्षण करीत नाही. तो फक्त एका माणसाला गप्प करतो. म्हणूनच क्षयातून बरे झालेल्यांनी पुढे येऊन नव्या रुग्णांशी बोलावे, अशी योजना आता राष्ट्रीय कार्यक्रमातच आहे. माझ्या आत्याने जे स्वयंस्फूर्तीने केले, त्याला आज शासनाने मान्यता दिली आहे, असे म्हणायला हरकत नाही.

घरातले मौन मोडणे किती कठीण असते, याचे एक उदाहरण फलटणचे आहे. बेबीताई कांबळे तेथे किराणा मालाचे छोटे दुकान चालवीत. माल बांधायला आलेल्या रद्दीतले कागद वाचता वाचता त्यांनी वाचनाची गोडी लावून घेतली आणि आपल्या समाजाच्या, विशेषतः त्यातील बायकांच्या जगण्याविषयी त्या लिहू लागल्या. ते लेखन त्यांनी घरच्यांपासून सुमारे वीस वर्षे लपवून ठेवले. फलटणला स्थायिक झालेल्या डॉ. मॅक्सीन बर्नसन यांच्या आग्रहामुळे ते ‘स्त्री’ मासिकातून प्रसिद्ध झाले आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ या नावाने त्याचे पुस्तक निघाले. पुढे त्याची भाषांतरेही झाली. बेबीताई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. फलटणजवळ निंबुरे येथे त्यांनी वंचित मुलांसाठी आश्रमशाळा चालवली. ‘मी’ पासून निघालेले बोलणे ‘आम्ही’ पर्यंत पोहोचले की त्यातून संस्था उभी राहते, ती अशी.

आपल्यातील देणगीदार बंधुभगिनींना पुण्याच्या मुक्तांगणची हकिकत विशेष जवळची वाटेल. ऐंशीच्या दशकात गर्दचे व्यसन शहरांतील तरुणांमध्ये झपाट्याने पसरले. डॉ. अनिल अवचट यांनी त्या मुलांना आणि त्यांच्या हताश आईवडिलांना बोलते केले, आणि जे ऐकले ते वर्तमानपत्रातून लिहिले. ते लेख वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी आर्थिक साहाय्य देऊ केले. डॉ. सुनंदा अवचट यांनी त्या विश्वासाला कार्याचे रूप दिले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. आता क्रम पाहावा. आधी कोणीतरी सांगितले, कोणीतरी ऐकून लिहिले, कोणीतरी वाचून देणगी दिली, कोणीतरी संस्था उभी केली. आणि संस्था उभी राहिल्यावर कहाणी संपली नाही. तेथे बरे झालेले रुग्णच नव्यांचे समुपदेशक झाले. व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट सुरू झाला, कारण मार खाऊन, कर्ज फेडून, मुलांसमोर हसरा चेहरा ठेवून जगणाऱ्या त्या स्त्रीलाही सांगायचे असते आणि तिला विचारणारे कोणी नसते.

या पद्धतीचे मूळ अमेरिकेत आहे. १९३५ साली ॲक्रन या गावी दारूच्या आहारी गेलेला एक शेअरदलाल आणि तशाच अवस्थेतील एक शल्यचिकित्सक एकमेकांना भेटले. उपदेशाने दोघांचेही काही भले झाले नव्हते. एकमेकांना आपली हकिकत सांगितल्याने मात्र दोघेही दारूपासून दूर राहू शकले. त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही चळवळ जन्मली आणि पन्नासच्या दशकात मुंबईत पोहोचली. आज महाराष्ट्रात कितीतरी ठिकाणी तिच्या सभा मराठीत भरतात. तिचे नियम साधे आहेत. स्वतःविषयी बोलावे, दुसऱ्याला सल्ला देऊ नये, येथे ऐकलेले बाहेर नेऊ नये. तेथे माणसाचे पूर्ण नाव गुप्त राहते आणि कहाणी मोकळी होते.

मला आज जे मुख्यतः सांगावयाचे आहे, ते याच नियमांपाशी येऊन थांबते. कहाणीत सामर्थ्य आहे, म्हणूनच तिचा गैरवापरही होऊ शकतो. धर्मादाय संस्थांच्या अहवालांत आपण पाहतो : खाटेवरच्या मुलाचा केविलवाणा चेहरा, खाली त्याचे नाव, गाव, आजार, आणि कोणाच्या देणगीतून त्याचा जीव वाचला ते. छापणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण ज्याचे बिल माफ व्हायचे आहे तो माणूस छायाचित्राला ‘नको’ म्हणू शकेल काय? त्याची संमती ही संमती नव्हे. ती एक प्रकारची किंमत आहे, आणि मोफत उपचारांत ती वसूल होता कामा नये. कायद्यानेही याची दखल घेतली आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आणि त्याच वर्षीचा एचआयव्ही-एड्सविषयक कायदा, हे दोन्ही रुग्णाच्या गोपनीयतेचे रक्षण करतात. कायदा सांगतो तेवढे तर आपण पाळूच. परंतु सेवाभावी संस्थेने कायद्याच्या एक पाऊल पुढे असावे.

आणखी एक सावधगिरी. “मी अमुक झाडपाल्याने बरा झालो” हीसुद्धा आपबीतीच असते, आणि ती ऐकून कोणी इन्सुलिन सोडले तर त्याच्या जिवावर बेतते. एका माणसाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. कोणते औषध लागू पडते, हे मद्राससारख्या शिस्तबद्ध अभ्यासांनीच ठरवावे. ते औषध सहा महिने घेण्याचे बळ मात्र बरे झालेल्या माणसाच्या शब्दांतून येते. दोघांनीही आपापल्या जागी राहावे, म्हणजे दोघांचाही उपयोग होतो.

तेव्हा विश्वस्त मंडळासमोर मी एक नम्र सूचना ठेवते. महिन्यातील एका ठरलेल्या दुपारी, बाह्यरुग्ण विभाग बंद झाल्यावर, त्याच बाकांवर एक बैठक भरावी. क्षय, मधुमेह, कर्करोग, व्यसन, मनाचे आजार, ज्याला जे सांगावयाचे आहे त्याने ते सांगावे. ज्याला नुसते ऐकावयाचे आहे त्याने ऐकावे. भगूर, लहवित, संसरी, नाणेगाव येथून येणारी शेतकरी कुटुंबे, लष्करातील निवृत्त जवान, कॅम्पातील व्यापारी, सर्वांनी आपापल्या बोलीत बोलावे. एक डॉक्टर आणि एक समाजसेविका हजर असाव्यात. डॉक्टरांनी शेवटची दहा मिनिटेच बोलावे, आणि चुकीची समजूत पसरत असेल तेवढीच दुरुस्त करावी.

अहवालात कोणाची हकिकत छापावयाची असेल, तर तीन गोष्टी पाळाव्यात. उपचार संपून बिलाचा प्रश्न मिटल्यानंतरच विचारावे. छापण्यापूर्वी मजकूर त्या व्यक्तीला तिच्या भाषेत वाचून दाखवावा आणि तिने बदल सांगितल्यास तो करावा. आणि तिने नंतर ‘नको’ म्हटले, तर कारण न विचारता तो काढावा. लहान मुलांचे चेहरे तर छापूच नयेत.

देणगीदारांना माझी विनंती वेगळी आहे. यंत्राला देणगी दिली की त्यावर नावाची पाटी लागते, आणि ते योग्यच आहे. पण या बैठकीला लागणारा खर्च पाटी लावण्याजोगा नाही. दूरच्या रुग्णाचे एसटीचे भाडे, सर्वांसाठी चहा, समाजसेविकेचे मानधन, एवढाच तो आहे. कोणीतरी हा खर्च वर्षभरासाठी उचलावा, आणि शक्य झाल्यास एखाद्या दुपारी मागच्या बाकावर येऊन बसावे. विश्वस्तांनीही आळीपाळीने यावे. तेथे कौतुक ऐकायला मिळेल, तशी एखादी तक्रारही ऐकायला मिळेल. रात्री नातेवाइकांना झोपायला जागा नाही, औषधाच्या खिडकीवर नीट सांगितले जात नाही, अशा गोष्टी अर्जातून कधी वर पोहोचत नाहीत. त्या बोलण्याच्या ओघात येतात. समाजपरिवर्तन हा शब्द मोठा आहे, पण त्याची सुरुवात अनेकदा अशा एका खिडकीपासून होते.

रुग्णांच्या नातेवाइकांना मी एवढेच सांगेन, की घरी गेल्यावर आजाराचे नाव घ्या. ‘त्याला जरा बरे नसते’ असे म्हणू नका. जे आहे ते म्हणा. आपल्या घरात ते नाव मोकळेपणाने उच्चारले गेले, तर शेजारच्या घरातील कोणीतरी उद्या वेळेवर दवाखान्यात येईल.

या रुग्णालयाने आजवर असंख्य लोकांच्या नाडीचे ठोके ऐकले. त्यांच्या कहाण्याही तितक्याच आस्थेने ऐकण्याचे सामर्थ्य या संस्थेला लाभो, अशी प्रार्थना करते, विश्वस्त, डॉक्टर आणि सर्व सेवकवर्गाच्या कार्याला शुभेच्छा देते, आणि माझे भाषण संपवते.